किक जाम, कागद संपलेले : ठाण्यातल्या एका आरएक्स १०० चं प्रकरण

पार्श्वभूमी

नौपाड्यातली चार मजली, बिनलिफ्टची सोसायटी. मे २०२४ मध्ये पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या आणि डिसेंबरअखेर जागा रिकामी करून द्यायचं ठरलं. लोक भाड्याची घरं शोधायला लागले, माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरली, आणि जिन्याखाली ताडपत्रीत पाच पावसाळे काढलेली एक यामाहा आरएक्स १०० सगळ्यांच्या एकदम डोळ्यांवर आली.

गाडी डिसेंबर १९९३ ची, एमएच-०४ पासिंगची. मालक मे २०२१ मध्ये गेले. मागे पत्नी, ऐरोलीला दिलेली मुलगी आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा. त्याला इथे अमेय म्हणू. नाव बदललं आहे. अमेय एका कंपनीत अकाउंट्स बघतो. पान्याशी त्याचा संबंध सायकलची सीट वर-खाली करण्यापुरता होता.

मी त्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचो. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. त्यामुळे या प्रकरणात मी नुसता लिहिणारा नाही. सल्ला देणाराही होतो, आणि एका जागी तोंड उघडायचं सोडून गप्प बसलेलाही.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, चार गिअर, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे आज किरकोळ वाटतील, पण एवढ्या हलक्या अंगाला अकरा घोडे म्हणजे सिग्नल सुटला की मागचा माणूस धूर बघत राहायचा. त्या एका गुणावर ही गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचे भाव चढतेच आहेत.

अडचण

ताडपत्री काढली तेव्हा दिसलं ते असं : किक जाम. टाकीचं झाकण उघडल्यावर वार्निशसारखा उग्र वास, आत विटकरी गंज. दोन्ही टायर बसलेले, पुढचा ब्रेक दाबला की दाबलेलाच राहायचा. सायलेन्सर मूळचा नव्हता. तो त्याच्या बाबांनी कधीतरी काढून नवा लावला होता.

कागदांची तब्येत त्याहून वाईट. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. बाबांनी २००८, २०१३ आणि २०१८ मध्ये ते वेळेवर केलं होतं. शेवटचं केलं आणि महिन्याभरात गुडघ्याच्या दुखण्यामुळे गाडी उभी राहिली ती राहिलीच. आरसी डिसेंबर २०२३ ला संपलेली, विमा २०१९ पासून नाही, आणि गाडी अजून गेलेल्या माणसाच्या नावावर. मालक वारल्यावर वारसानं तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायला हवी. इथे तीन वर्षं उलटली होती.

अमेयला यातलं काहीच नको होतं. त्याला फोनमध्ये पाहिलेली कॅफे रेसर हवी होती : खाली वाकवलेलं हँडल, मागे कापून आखूड केलेली फ्रेम, एकट्याची सीट, काळी टाकी. खर्चाचा अंदाज वीस हजार, मुदत गणपतीपर्यंत.

समोरचे पर्याय

भंगारवाला सहा हजार म्हणाला. कल्याणच्या एका शौकिनानं गाडी आहे त्या अवस्थेत, कागदांची कटकट स्वतःकडे घेऊन, पस्तीस हजार देऊ केले. व्यवहार म्हणून पाहिलं तर हाच पर्याय सरस होता आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. अमेयची आई म्हणाली, "विकायची तर विक बाबा, पण किती आले ते मला सांगू नकोस." त्यानंतर विक्रीचा विषय कुणी काढला नाही.

उरले तीन मार्ग. एका कस्टम गॅरेजला देऊन पंचेचाळीस हजारांत कॅफे रेसर करून घेणं. मूळ रूपात आणणं, म्हणजे अस्सल पार्टांसाठी कुर्ल्यापासून चोर बाजारापर्यंत वणवण करणं आणि तिप्पट भाव मोजणं. किंवा आधी नुसती चालती करणं, रूपाचं मग बघणं. मी तिसऱ्याच्या बाजूनं होतो. अमेयनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कस्टम गॅरेजला पाच हजार ॲडव्हान्स देऊन आला.

तो ॲडव्हान्स बुडाला, पण फ्रेम वाचली. वाचवली ती बहिणीनं. गाडी एका वारसाच्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. अमेय कागद घेऊन ऐरोलीला गेला. ताईनं वाचलं, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "मागचं कापणार आहेस म्हणे?" तो म्हणाला, थोडंसंच. "मी शाळेत असताना त्या थोड्याशावर बसून जायचे. फ्रेमला कटर लागणार असेल तर सही मिळणार नाही."

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय असा भावनेपोटी झाला, कायद्यापोटी नाही. कायदा अर्थात तिच्याच बाजूनं होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. फ्रेम कापून सीट एकट्याची केली की आरसीवरची दोन माणसांची बैठक खोटी ठरते. नूतनीकरणाला गाडी समोर उभी करावी लागते, तिथे हे लपत नाही. नवखी पोरं व्हिडिओ बघून ग्राइंडर लावतात आणि पासिंगच्या वेळी माझ्यासारख्यांकडे येतात. कापलेलं वेल्ड करता येतं, पण मग वेल्ड केलेली फ्रेम घेऊन हमरस्त्यावर कोण जाणार?

ठरलं असं की जे बोल्टनं लागतं आणि बोल्टनं निघतं तेवढंच बदलायचं. हँडल, सीट, आरसे, रंग. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून माळ्यावर. रंग आरसीत नोंदलेला असतो, बदलला तर तिथेही बदलावा लागतो, म्हणून काळ्या टाकीचा हट्टही गळाला. गाडी मूळची लाल होती, लालच राहिली.

पहिला फेरा : जून ते सप्टेंबर

सुरुवात टाकीपासून झाली आणि चुकीचीच झाली. अमेयनं टाकी आधी रंगवून आणली. साडेतीन हजारांचा सुरेख लाल रंग, वर पारदर्शक लॅकर. मग आतला गंज काढायला बसला. टाकीत मूठभर जुने नट आणि सायट्रिक ॲसिडचं पाणी घालून तो गॅलरीत अर्धा तास टाकी हलवत होता. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अरे, काय डमरू वाजवतोस काय?" गंज निघाला. त्या गंजानंच बुजवलेली तीन बारीक भोकंही उघडी पडली. त्यातून ॲसिडचं पाणी झिरपून नव्या रंगाखाली शिरलं आणि दोन दिवसांत टाकीच्या पोटावर फोड आले, पोळल्यावर येतात तसे. टाकी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतली, आठवडाभर उन्हात उघडी ठेवली, मग ब्रेझिंगवाल्याकडे नेली. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला ज्योत लावायची म्हणजे आत वाफेचा मागमूसही चालत नाही. म्हणून तिथे पुन्हा गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि डाग देण्याची जागा तेवढी कोरडी ठेवली. ब्रेझिंग आणि दुसरा रंग मिळून चार हजार सहाशे.

इंजिनाचं काम मात्र नीट सुरू झालं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून ओतलं आणि तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे झुलवलं. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि चाक फिरलं. जाम किकवर उभं राहून उड्या मारणारे किकचा दाता तोडून घेतात. हे झुलवणं बिनखर्चाचं.

हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर पिस्टनच्या डोक्यावर काजळीखाली '२५' असा ठसा सापडला. म्हणजे ब्लॉक पूर्वी एकदा ०.२५ मिलिमीटरनं बोअर झालेला, म्हणजे आतून कोरून मोठा केलेला होता. आईला विचारलं तर म्हणाल्या, हो, ताईच्या लग्नाच्या आधी, हे पंधरा दिवस ट्रेननं जात होते. या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, तीही ५०. पिस्टन ०.२५ च्या टप्प्यांनी १.०० पर्यंत मोठे मिळतात. म्हणजे एका ब्लॉकला चार बोअर, पुढे लायनर, म्हणजे आतलं नळकांडं, बदलायचा. इथे रिंगा बसल्या होत्या त्या जागी भिंतीवर गंजाची गोल रेघ उमटली होती आणि नख फिरवलं की अडकायचं. म्हणून ०.५० करावं लागलं. वागळेतल्या लेथवाल्यानं पिस्टन आधी हातात मागितला, मायक्रोमीटरनं मोजला आणि मगच ब्लॉक मशीनवर चढवला. पिस्टन न बघता बोअर करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. गंमत अशी की या बोअरनंतर इंजिन भरलं १००.१ सीसी. नावातले शंभर तीस वर्षांनी पुरे झाले.

आता चुकीचा निर्णय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण पिस्टनच्या वर जाण्याआधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा (क्रँक) असतो त्या डब्यात येतं. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली रबरी ऑइल सील हवाबंद लागतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ती सील सुकून बांगडीसारखी कडक होतात. डावं सील गेलं की तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन नको तितकं तापतं. उजवं गेलं तर गिअरचं ऑइल ओढलं जातं आणि मागून पांढरा धूर निघतो.

मेकॅनिकनं विचारलं होतं, "सील बदलायची का? मग पूर्ण इंजिन फाडावं लागेल. चार-साडेचार हजार वाढतील, आणि पंधरा दिवस." गणपती सात सप्टेंबरला. टाकीवर दोनदा खर्च झालेला. अमेयनं माझ्याकडे पाहिलं. मला उत्तर माहीत होतं. कारखान्यात कंप्रेसर वर्षभर बंद राहिला तर सील बदलल्याशिवाय आम्ही बटण दाबत नसू. पण पोराचा खिसा आधीच फाटला होता, मी म्हटलं, "बघू, चालली तर चालली." हे वाक्य माझ्या नावावर लिहून ठेवतो.

त्यात अमेयनं दोन भर घातल्या. साडेचार हजारांचा एक्सपान्शन सायलेन्सर आणि मूळच्या एअर फिल्टरच्या डब्याऐवजी सातशेचा उघडा कोन फिल्टर. दोन्हींमुळे इंजिन जास्त हवा ओढतं, त्या मापात कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा करावा लागतो. जेट तोच राहिला. शिवाय मेकॅनिकनं ऑइलचा पंप काढून टाकला, "टाकीतच ऑइल घाला, झंझट नको." टाकीत ऑइल मिसळायला हरकत नाही, पण मग मिश्रणात पेट्रोल कमी आलं की त्याच्याबरोबर येणारं ऑइलही कमी येतं. पंप असता तर तेवढं तरी वाचलं असतं.

गणपतीच्या आदल्या रात्री गाडी सुरू झाली. अकराव्या किकला. तो आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. अमेयची आई दारात आल्या नाहीत.

गायमुखची चढण

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक खूण दिसत होती आणि आम्ही तिचा अर्थ लावला नाही. गाडी तापली की ॲक्सिलरेटर सोडल्यावरही रेस खाली यायची नाही, आपोआप चढती राहायची. अमेय दर वेळी आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीची रेस ठरवणारा, स्क्रू थोडा सैल करायचा. दुपारी तापलेल्या गाडीचा जमलेला आयडल सकाळी थंड गाडीला पुरायचा नाही, म्हणून पुन्हा घट्ट. हा स्क्रूचा दोष नसतो, कुठूनतरी हवा शिरत असते. टू-स्ट्रोकवाल्या जुन्या माणसाला हे ऐकूनच कळतं. मला अमेयनं स्क्रूचं सांगितलं, रेस चढते हे सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला तो घोडबंदर रोडनं निघाला. गायमुखच्या चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये, पन्नासच्या पुढे, बाजूला कंटेनरची रांग. आवाजाचा सूर किंचित पातळ झाला, तो म्हणतो, शिट्टीसारखा. मग काहीच नाही. पिस्टन अडकून इंजिन धरलं, मागचं चाक जागच्या जागी बंद, टायर रस्त्यावर ओरडत फरफटला. अमेयची दोन बोटं क्लचवर होती. त्यानं क्लच दाबला, चाक सुटलं, गाडी डाव्या कडेला जाऊन थांबली. मागच्या कंटेनरवाल्यानं हॉर्न दिला आणि निघून गेला.

क्लचवर बोटं का होती, असं मी नंतर विचारलं. म्हणाला, "बाबा तसेच ठेवायचे. मी मागे बसून बघायचो."

आता नावडती गोष्ट. त्या दिवशी गाडीची आरसी संपलेली होती, विमा नव्हता, पीयूसी नव्हतं, आणि टायरच्या कडेवर '३२११' छापलेलं होतं, म्हणजे २०११ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. त्या कंटेनरऐवजी समोर एखादा पायी चालणारा असता तर? कुटुंबाला आयुष्यभराची भरपाई खिशातून द्यावी लागली असती. "जरा टेस्ट मारून येतो" या चार शब्दांत हे सगळं येतं. मी गेटवर उभा राहून त्याला हात केला होता.

दुसरा फेरा

गाडी छोट्या टेम्पोत घालून परत आणली. मेकॅनिक म्हणाला, ऑइल कमी टाकलं असणार. अमेय अकाउंट्सचा माणूस, त्याच्या वहीत प्रत्येक लिटरला ४० मिलि नोंदलेलं होतं, पाकिटांसकट. प्लग काढला तर त्याचं टोक खडूसारखं पांढरं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. दोन्ही खुणा एकच सांगत होत्या : पेट्रोल कमी, उष्णता जास्त. पण हवा सायलेन्सर-फिल्टरमुळे जास्त झाली की सीलमधून शिरली, हे कळल्याशिवाय पुन्हा पैसे घालायचे नाहीत असं मी या वेळी बजावलं.

त्यासाठी इंजिनात दाब भरून बघतात. ब्लॉक-हेड लावून, एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं बंद करून, साधारण सहा पीएसआय (हे दाबाचं माप) हवा भरायची आणि सहा मिनिटं ती टिकते का बघायचं. एवढा कमी दाब दाखवणारा गेज आमच्याकडे नव्हता. सायकलच्या पंपाचा काटा तिथे हलतही नाही. अमेयच्या आईचं रक्तदाब मोजायचं डायलचं यंत्र टीव्हीशेजारी असायचं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे ५.८ पीएसआय. इतकं नेमकं जुळणारं यंत्र विकत आणायचं म्हटलं तर मिळालं नसतं.

जुन्या ट्यूबचे तुकडे कापून, वर लोखंडी पट्टी बोल्टनं आवळून दोन्ही तोंडं बंद केली. प्लगच्या जागी जुन्या प्लगचं पोखरलेलं कवच, त्यात नळी. पिस्टन सगळ्यांत खाली आणून ठेवला, म्हणजे पोर्ट उघडे राहून वरची-खालची हवा एक होते. अमेयनं फुगा दाबायला सुरुवात केली. २०० पर्यंत काटा ठीक चढला, पुढे दमला. फुगा सोडला की काटा उतरायचा, भरभर नाही, पण न थांबता. एका मिनिटात १४० वर. डाव्या टोकाचा मॅग्नेटो, म्हणजे वीज बनवणारा भाग, आधीच काढून ठेवला होता. मी ब्रशनं डाव्या सीलभोवती साबणाचं पाणी लावलं. सीलच्या ओठाशी, घड्याळात चार वाजतात त्या जागी, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. कुणी काही बोललं नाही. आईंनी मागून विचारलं, "झालं का? मला गोळी घ्यायच्या आधी मोजायचंय."

या वेळी इंजिन पूर्ण खोललं. दोन्ही सील, क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडचं किट. ब्लॉक ०.७५ ला गेला. म्हणजे आता या ब्लॉकला एकच बोअर शिल्लक. एक बोअर आम्ही साडेचार हजार वाचवण्यात घालवला. इंजिन बंद केल्यावर पुन्हा यंत्र लावलं. सहा मिनिटांत काटा ३०० वरून २९० ला आला, तो नळीच्या जोडातून असेल असं धरून सोडून दिलं.

एक्सपान्शन सायलेन्सर अडीच हजारांत विकला. माळा आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूळ सायलेन्सर सापडला होता, बाबांनी जपून ठेवलेला. तो कॉस्टिक सोड्यात दोन दिवस भिजवून काजळी काढली. हातमोजे आणि चष्मा घालून, हे वेगळं सांगायला नको. एअर फिल्टरचा मूळ डबा परत आला. ऑइलचा पंपही पुन्हा बसवला, नळीतली हवा काढून. ब्रेकच्या चकचकीत झालेल्या लायन्या, केबली, चेन-स्प्रॉकेट, टायर-ट्यूब हे सगळं बदललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ते आधी करायला हवं होतं एवढंच.

कागद

नावावर करणं आणि नूतनीकरण हे नोव्हेंबरमध्ये एकत्र लावलं. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, फॉर्म ३१, नूतनीकरणाचा फॉर्म २५. नूतनीकरणाची फी तेव्हा १,०००, उशिराचे महिन्याला ३०० प्रमाणे अकरा महिन्यांचे ३,३००, पंधरा वर्षांवरच्या दुचाकीचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी २,०००. विम्याचा थर्ड पार्टी हप्ता तेव्हा या वर्गाला ७१४ अधिक जीएसटी.

पीयूसीला पहिल्यांदा गाडी नापास झाली. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाक्यांना हायड्रोकार्बनची मर्यादा ९,००० पीपीएम आहे, ही त्याच्याही वर. कारण साधं : नव्या पिस्टनसाठी सुरुवातीला टाकीतही थोडं जादा ऑइल घातलेलं आणि इंजिन थंडगार, टेम्पोतून उतरवलेलं. दहा मिनिटं चालू ठेवली, हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवला, पास झाली.

तपासणीआधी चेसिस नंबरचा पेन्सिलनं ठसा घ्यायचा असतो. नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. फ्रेम रंगवताना त्या जागेवर चिकटपट्टी लावून घेतली होती, म्हणून ठसा स्वच्छ आला. कस्टम गॅरेजवाला फ्रेमला जाड पावडर कोटिंग करणार होता, ते त्या अक्षरांत भरून बसलं असतं. तपासणीला आरसे, इंडिकेटर, मागचं मडगार्ड, सगळं मूळचं लावून नेलं.

निष्पत्ती

वीस हजारांचे छप्पन्न हजार झाले, सायलेन्सरचे अडीच परत आले. अमेयच्या वहीप्रमाणे त्यातले सतरा हजार निव्वळ वाया : ॲडव्हान्स, पहिला रंग, पहिला बोअर-पिस्टन, त्याची मजुरी, कोन फिल्टर, सायलेन्सरचा तोटा. तीन महिन्यांचे सात महिने. आरसी पाच वर्षांसाठी अमेयच्या नावावर आली. २०२५ मध्ये जुन्या गाड्यांची उच्च सुरक्षा नंबरप्लेट ४५० अधिक जीएसटी भरून बसवली.

कॅफे रेसर झाली नाही. हँडल जरा खालचं आहे, सीटला नवं शिवण घातलेलं कव्हर आहे. लांबून पाहिली तर १९९३ चीच गाडी. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही.

भाड्याच्या घरी दुचाकीला जागा नाही, म्हणून ती कळव्याला मामाकडे असते. रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्यापर्यंत एक फेरी. ताई एकदा मागे बसून गेली. आई अजून बसलेल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पस्तीस हजारांना विकली असती तर हिशेबानं जवळपास नव्वद हजारांचा फरक पडला असता. अमेयला विचारलं. त्यानं वही मिटली.

ती बाजू सोडली तर क्रम उलटा हवा होता. कागद आधी, कारण ते आपल्या हातात नसतात आणि दंड महिन्यागणिक चढतो. मे महिन्यात अर्जांची तयारी सुरू केली असती तर सप्टेंबरात रस्त्यावर न्यायला विमा तरी असता. रंग सगळ्यांत शेवटी, टाकी आतून कोरडी आणि गळती तपासून झाल्यावर.

दाबाची चाचणी पहिल्याच फेऱ्यात व्हायला हवी होती. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. "सील बदलायची का?" हा प्रश्न पैशांचा नव्हता, मोजण्याचा होता. मोजलं असतं तर अमेयला माझ्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं होतं, नाही आम्ही म्हणालो.

एका बाबतीत माझं मत अजून ठरत नाही. कस्टम गॅरेजला ॲडव्हान्स देण्याआधी तो ताईकडे गेला असता तर पाच हजार वाचले असते, हे खरं. पण कॅफे रेसरचं ते चित्र डोळ्यांसमोर नसतं तर त्यानं ताडपत्री तरी उचलली असती का, कोण जाणे.

आईंचं ते यंत्र नंतर नीट चालेना, शून्यावर यायच्या ऐवजी काटा सहावर थांबायला लागला. त्यांनी डिजिटल घेतलं. जुनं अमेयच्या टूलबॉक्समध्ये आहे, डायलवर मार्करनं '−६' लिहिलेलं. गेल्या आठवड्यात कळव्यातल्या एकाची आरएक्स १३५ खोलली, त्यानं ते मागून नेलंय.